जुना ट्रॅक्टर आणि अंगणातली मुलं: पार्श्वभूमी

उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि माढा, पंढरपूर, माळशिरसच्या रानात ऊस पसरत गेला. गोठ्यातली बैलं कमी झाली, त्यांच्या जागी अंगणात ट्रॅक्टर उभा राहिला. बैलगाडीत पोराला पुढ्यात घेऊन बसायची सवय मात्र तशीच राहिली. फक्त जागा बदलून ती मडगार्डवर गेली. मूळ धोका या सवयीत आहे. बैल लेकराला बघून थबकतो, गाडी चालते माणसाच्या पावलानं. ट्रॅक्टर ताशी १५ किलोमीटरनं गेला तरी सेकंदाला चार मीटर कापतो, आणि मडगार्डवरून घसरलेलं मूल मागच्या चाकाच्या पुढ्यातच पडतं. ब्रेकवर पाय जाईपर्यंत चाक वरून गेलेलं असतं.

हे धोके जगाला उशिरा कळले असंही नाही. ब्रिटननं १९५८ च्या नियमांनी तेरा वर्षांखालच्या मुलांना शेतकामातल्या ट्रॅक्टरवर बसायला बंदी केली. १९५९ मध्ये स्वीडननं नव्या ट्रॅक्टरवर पलटीपासून वाचवणारी चौकट सक्तीची केली. त्याच वर्षी फरीदाबादला आयशरचा, भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. पुढे मॅसी फर्ग्युसन, महिंद्राचा बी-२७५, १९७१ चा एचएमटी झेटर २५११ आले. दणकट यंत्रं, त्यातली काही आजही पाणी उपसतात, ट्रॉली ओढतात. पण त्यांच्यावर चौकट नाही, पट्टा नाही, आणि बहुतेकांना गिअरमध्ये असताना सेल्फ (इंजिन चालू करणारा स्टार्टर) लागू न देणारा स्विचही नाही.

हा शेवटचा मुद्दा फारसा बोलला जात नाही, म्हणून नीट सांगतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी आहे आणि सीटवर चढलेल्या मुलानं सेल्फ दाबला, तर इंजिन पेटायच्या आधी नुसत्या सेल्फच्या जोरावरही ट्रॅक्टर पुढे सरकतो. स्विच असला तरी पान्यानं सेल्फची टोकं जोडून चालू करण्याची आपली सवय तो निकामी करते. चावीचंही तसंच. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप यंत्रावर चालतो, विजेवर नाही. चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं, ते स्टॉपची दांडी ओढल्यावरच थांबतं.

पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून औजाराला फिरती ताकद देणारा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ३५ मिलिमीटर जाडीच्या नुसत्या शाफ्टवरही सेकंदाला जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळलं जातं. फ्रॉकची नाडी, ओढणी, वेणी एकदा अडकली की क्लच दाबायला वेळ उरत नाही. प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं म्हणून काढून फेकलेलं असतं. नवं बसवेपर्यंत त्या शाफ्टवर काम करूच नये.

औजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचा लिव्हर इंजिन बंद असतानाही औजार खाली सोडतो. उचलून ठेवलेल्या रोटाव्हेटरखाली मूल लपलं असेल आणि दुसऱ्यानं खेळता खेळता लिव्हर हलवला, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून उभा करताना क्रम ठरलेला हवा: औजार जमिनीला टेकवायचं, स्टॉप ओढायचा, ब्रेकचे दोन्ही पेडल जोडून खटका लावायचा, चाकाला पुढून-मागून दगड लावायचा, चावी खिशात, आणि बॅटरीची अर्थिंगची वायर सोडवायची. गिअरमध्ये ठेवायचा असेल तर ही वायर सोडणं चुकवून चालत नाही.

निघताना आणखी एक गोष्ट. १३.६-२८ मापाच्या टायरचं मागचं चाक साधारण १३० सेंटीमीटर उंच असतं आणि पाच वर्षांचं मूल जेमतेम ११०. चाकाआड उभं असलं तर सीटवरून ते दिसतच नाही. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांजवळ (झोपड्यांजवळ) दोन ट्रॉल्या जोडून मागे घेताना तर आरशावर भरवसा ठेवताच येत नाही. आधी खाली उतरून ट्रॅक्टर-ट्रॉलीभोवती पूर्ण फेरी मारावी, आणि मुलं एका मोठ्या माणसाजवळ, समोर दिसतील अशी उभी करून मगच क्लच सोडावा.