अपस्मार-सातत्य, लहान मुलांतील

अपस्माराचा (फेफरे, मिरगी) झटका आपोआप न थांबता लांबत जाणे, किंवा एका झटक्यानंतर मूल पूर्ण शुद्धीवर येण्याआधीच दुसरा येणे, या अवस्थेस अपस्मार-सातत्य म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ हे नाव रूढ आहे. घरात ‘फिट थांबतच नाही’ असे म्हणतात.

संज्ञेचा उगम : बॅबिलोनी वैद्यकातील ‘साकिक्कू’ या अकेडियन पाट्यांत वारंवार येणाऱ्या झटक्यांचे वर्णन असून ते घातक मानलेले दिसते. उपलब्ध प्रती साधारणतः इ. स. पू. आठव्या-सातव्या शतकांतील आहेत. मूळ संहिता त्याहून बरीच जुनी असावी. स्वतंत्र अवस्था म्हणून नोंद मात्र पॅरिसमधील वैद्य काल्मेय याच्या १८२४ च्या प्रबंधात आढळते. त्याने वापरलेला ‘एता द माल’ हा फ्रेंच शब्द रुग्णालयातील रुग्ण आपसांत वापरत असत, असे तो स्वतःच सांगतो. ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ हे लॅटिन रूप १८६८ च्या सुमारास, त्रूसो या फ्रेंच वैद्याच्या व्याख्यानांच्या इंग्रजी भाषांतरातून प्रचारात आले, असे सामान्यतः मानले जाते.

कालमर्यादा : किती वेळ चाललेला झटका ‘लांबलेला’ समजावा, यावर दीर्घकाळ मतभेद होते. १९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मिनिटांचा आकडा नव्हता. पुढे ३० मिनिटांची मर्यादा रूढ झाली. मेंदूच्या पेशींना इजा केव्हा होते याविषयीच्या प्राण्यांवरील प्रयोगांचा, विशेषतः बबून माकडांवरील, तिला आधार होता. १९९९ मध्ये मेंदुविकारतज्ज्ञ लोवेनस्टाइन व सहकाऱ्यांनी मोठ्यांसाठी व पाच वर्षांवरील मुलांसाठी ५ मिनिटांची मर्यादा सुचविली. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येने दोन्ही विचार सामावून घेतले : सर्वांगी (सगळे अंग आकडणाऱ्या व झटकणाऱ्या) झटक्यात ५ मिनिटांनी उपचार सुरू करावा, ३० मिनिटांनंतर कायमच्या इजेचा धोका धरावा, शुद्ध हरपणाऱ्या आंशिक (मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या) झटक्यात हे आकडे १० व ६० मिनिटे. उपचाराच्या दृष्टीने हीच मांडणी ग्राह्य वाटते. बहुतेक सर्वांगी झटके दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटे ओलांडलेला झटका आपणहून थांबण्याची शक्यता कमी असते. शिवाय झटका लांबला की चेतापेशींच्या पृष्ठभागावरील ‘गाबा’ ग्राही (मेंदूतील उत्तेजना शमविणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाला प्रतिसाद देणारे रेणू) आत ओढले जातात आणि डायझेपाम, मिडाझोलम ही फिट थांबविणारी औषधे ज्या ग्राहींवर काम करतात तेच कमी पडतात. विलंबाने दिलेले औषध म्हणूनच कमी लागू पडते.

ओळख : हातपायांचे झटके मंदावले म्हणजे फिट संपली, असे समजणे धोक्याचे आहे. डोळे उघडे व एका बाजूस खिळलेले असणे, पापणी किंवा ओठाचा कोपरा फडफडत राहणे, ओठ निळसर होणे, लाळ गळत राहणे ही फिट चालू असल्याची चिन्हे होत. फिटनंतरच्या झोपेत बहुधा डोळे मिटलेले, श्वास संथ व अंग सैल असते, आणि हाक मारल्यावर हळूहळू प्रतिसाद वाढत जातो. फिटनंतर एक हात काही काळ लुळा राहू शकतो. रॉबर्ट टॉड या वैद्याने १८४९ मध्ये वर्णिलेला हा तात्पुरता पक्षाघात चालू झटक्याहून वेगळा. घाबरलेल्या आईवडिलांना एक मिनिटही दहा मिनिटांसारखे वाटते. त्यामुळे सुरुवातीलाच घड्याळ पाहावे आणि जमल्यास मोबाइलवर चित्रण करावे. तान्ह्या बाळांत झोपेतून उठताना अंग आकसण्याचे आचके मालिकेने येतात. हेही अपस्माराचेच झटके असतात, पण ते दचकणे किंवा पोटदुखी समजून सोडून दिले जातात. वेस्ट या वैद्याने १८४१ मध्ये स्वतःच्या मुलात त्यांचे वर्णन केले होते.

पुनरावृत्त झटके : दोन फिटांमध्ये मूल शुद्धीवर येत असले, तरी कमी वेळात झटके साचणे ही पूर्वसूचना ठरू शकते. किती झटक्यांना ‘मालिका’ म्हणावे यावर एकमत नाही. २४ तासांत तीन किंवा अधिक, ही एक प्रचलित मोजणी. त्या मुलाच्या नेहमीच्या क्रमाहून वेगळे काय घडते, हा निकष अधिक उपयोगी दिसतो. ताप, उलट्या, चुकलेली गोळी ही नेहमीची निमित्ते.

तातडी : मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, पाणी काही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्याने फिट थांबत नाही, तेवढी मिनिटे मात्र वाया जातात. डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेला मिडाझोलमचा नाकातील फवारा ५ मिनिटांनी वापरावा व रुग्णवाहिका (महाराष्ट्रात १०८) बोलवावी. पहिलीच फिट असेल किंवा श्वास अडखळत असेल, तर रुग्णवाहिका बोलावण्यासाठी पाच मिनिटेही थांबू नये.

झटक्यांविना सातत्य : काही वेळा हातपाय न झटकताही अपस्मार-सातत्य चालू असते. मूल तासन्‌तास गोंधळलेले, मंद किंवा अबोल राहते. निदान मेंदूच्या विद्युत् आलेखानेच निश्चित होते.