उसनी उंची चालत नाही

बिनइंजिनाच्या ग्लायडरने सरळ रेषेत ५० किलोमीटर जायचं, सलग ५ तास हवेत राहायचं आणि १,००० मीटर उंची कमवायची. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या म्हणजे एफएआयच्या रौप्य बॅजसाठी एवढं लागतं. ही तीन कामं वेगवेगळ्या दिवशी केली तरी चालतात. ऐकायला सोपं वाटतं. आजचं चांगलं ग्लायडर १ मीटर खाली येता येता ४० मीटर पुढे सरकतं. ओढणाऱ्या विमानाने ते १,५०० मीटरवर नेऊन सोडलं, तर नुसतं घसरत घसरतच ते ६० किलोमीटर जाईल.

ही पळवाट नियमाने बंद केली आहे. अंतर १०० किलोमीटरच्या आत असेल तर सुरुवातीची आणि शेवटची उंची यांतला फरक अंतराच्या एक टक्क्याहून जास्त चालत नाही. ५० किलोमीटरसाठी ही मुभा ५०० मीटरची. तेवढ्या उंचीवरून ग्लायडर जेमतेम २० किलोमीटर जाईल, उरलेले ३० वैमानिकाने वाटेतल्या हवेतून मिळवायचे. उंचीचंही तसंच. दोर सोडल्यानंतर ग्लायडर जितकं खाली आलं असेल, त्या नीचांकापासून पुढची चढण मोजतात. विमानाने दिलेली उंची उसनी, ती हिशेबात येत नाही. मला या बॅजमधली ही गोष्ट सगळ्यात आवडते. वातावरणातून तुम्ही स्वतः किती ऊर्जा काढून घेतलीत, एवढंच तो मोजतो.

ती ऊर्जा बहुतेक वेळा थर्मलमधून, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या स्तंभातून येते. ऊन हवेला फारसं तापवत नाही, ते जमिनीला तापवतं. नांगरलेलं कोरडं शेत, खडकाळ उतार अशा जागा आजूबाजूपेक्षा लवकर तापतात आणि त्यांच्यावरची हवा सुटून वर निघते. वर जाताना ती दर किलोमीटरला सुमारे १० अंश थंड होते, आणि भोवतालच्या हवेपेक्षा गरम आहे तोवरच चढते. वाटेत उलट्या तापमानाचा थर आडवा आला, म्हणजे वरची हवाच जास्त गरम असली, की चढण तिथेच थांबते. २ मीटर प्रतिसेकंद वेगाने चढणाऱ्या थर्मलमध्ये १,००० मीटर कमवायला साडेआठ मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण असा थर खालीच बसला असेल, तर दिवसभर घिरट्या घालूनही ते १,००० मीटर पुरे होत नाहीत.

थर्मल डोळ्यांना दिसत नाही आणि रुंदीलाही बेताचा असतो. ताशी ९० किलोमीटर वेगात ३० अंश कलून फिरलं तर वर्तुळाची त्रिज्या ११० मीटर होते, ४५ अंश कललं तर ६४. कलणं वाढवलं की गाभ्याच्या जवळ राहता येतं, पण ग्लायडर जास्त वेगाने खाली बसू लागतं. घार हा हिशेब अंगाने करते. माणसाला तो आसनाखालच्या धक्क्यांवरून आणि चढ-उताराचा वेग सांगणाऱ्या व्हेरिओमीटरच्या आवाजावरून शिकावा लागतो, आणि त्यात कित्येक उड्डाणं जातात.

५ तासांची परीक्षा वेगळी. रौप्य बॅज क्रमांक १ वुल्फ हिर्थ या जर्मन वैमानिकाला १९३१ मध्ये मिळाला. तेव्हापासून ग्लायडरची घसरण्याची क्षमता कितीतरी सुधारली, त्यामुळे ५० किलोमीटर सोपे झाले. ५ तास मात्र ५ तासच राहिले. थर्मलचा दिवस उशिरा उघडतो आणि संध्याकाळी मिटतो, म्हणून दुपारची सुरुवात चुकली की त्या दिवसाचा प्रयत्न संपल्यात जमा. मधेच उंच पातळ ढगांची चादर सूर्यावर आली की जमीन तापायची थांबते. अरुंद कॉकपिटमध्ये तहान, लघवी, आखडलेली पाठ यांचीही सोय आधीच करावी लागते. पाणी कमी प्यायचा मोह होतो आणि तो घातक असतो, कारण शरीर सुकलं की विचारशक्तीही मंदावते. जागं राहण्याची ही चढाओढ एकेकाळी फारच पुढे गेली होती. १९५२ मध्ये शार्ल अत्झे या फ्रेंच वैमानिकाने एकट्याने ५६ तास १५ मिनिटं उड्डाण केलं. पुढे धोका ओळखून एफएआयने कालावधीच्या विक्रमांची नोंदच बंद केली.

तरीही नवख्याची खरी कसोटी ५० किलोमीटरच्या वाटेवर लागते. तोवर त्याची सगळी उड्डाणं आपल्या धावपट्टीवर घसरत परतता येईल अशा टापूत झालेली असतात. या दिवशी एक क्षण असा येतो, की मागे वळलं तरी धावपट्टी गाठता येणार नाही. तिथून पुढे थर्मल शोधता शोधता उतरण्याजोगं शेतही सतत हेरून ठेवावं लागतं. त्याचा उतार कुठे, वारा कुठून, कडेला विजेच्या तारा आहेत का, पीक किती उंच आहे? आणि ठरावीक उंचीच्या खाली आलो की थर्मलचा नाद सोडून उतरायचंच, हा निर्णय जमिनीवर असतानाच घेतलेला बरा.

सुवर्ण बॅजला ३०० किलोमीटर लागतात. त्याच्या वर तीन हिरे असतात, त्यांतल्या अंतराच्या हिऱ्याला ५००. इथे घड्याळ आडवं येतं. २ मीटर प्रतिसेकंदाची चढण मिळाली आणि मधलं अंतर ताशी १२० किलोमीटरने, सेकंदाला १ मीटर गमावत कापलं, तर एकतृतीयांश वेळ चढण्यात जाऊन सरासरी ८० पडते. ३०० किलोमीटरला पावणेचार तास, ५०० ला सव्वासहा. इतका वेळ थर्मल जोमात असतील असे दिवस वर्षात मोजकेच, आणि नेमक्या त्या दिवशी वैमानिक मोकळा आणि ग्लायडर तयार हवं.

उंचीच्या हिऱ्यासाठी ५,००० मीटरची कमाई लागते, आणि तिथे थर्मल सहसा पुरत नाहीत. डोंगर ओलांडून आलेला जोराचा वारा पलीकडे लाटांसारखा वर-खाली होतो. या लाटांवर स्वार होता येतं हे १९३३ मध्ये हान्स डॉइशमान आणि त्याच वुल्फ हिर्थ यांच्या उड्डाणांतून कळलं. लाटेत शिरण्याआधी तिच्याखालच्या घुसळणाऱ्या हवेचा मार खावा लागतो. वर मात्र सगळं इतकं शांत होतं, की धोका जाणवेनासा होतो. ऑक्सिजनची नळी सुटली तरी माणसाला छान हलकं वाटत राहतं, आणि हातून चुका होऊ लागतात.

इतकं करूनही नोंद पक्की असल्याशिवाय बॅज मिळत नाही. पूर्वी काजळी धरलेल्या कागदावर बॅरोग्राफ उंचीची रेघ ओढायचा आणि मार्ग जिथे वळतो त्या वळणबिंदूंचे फोटो काढावे लागायचे. आता जीपीएस रेकॉर्डर हे काम करतो. तरी तिसऱ्या, ठरवून केलेल्या ३०० किलोमीटरच्या हिऱ्यासाठी मार्ग उड्डाणापूर्वीच जाहीर करावा लागतो, आणि अधिकृत निरीक्षकाने सगळं तपासून सही करावी लागते. वळणबिंदूच्या ठरलेल्या क्षेत्राला थोडक्यात हुकलेला वैमानिक पुढच्या चांगल्या दिवसाची वाट पाहत हवामानाचे नकाशे पुन्हा उघडतो.