पार्श्वभूमी: लघवीचा त्रास, योनीद्वाराच्या नसा आणि १९८७चे निकष

१९१५ मध्ये मूत्राशयातल्या एका व्रणाचं वर्णन अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि पुढची कित्येक दशकं इंटरस्टिशियल सिस्टायटिस (जंतुसंसर्ग नसताना मूत्राशय दुखण्याचा, सारखी लघवी लागण्याचा जुनाट आजार) म्हणजे तो व्रण, असंच समीकरण राहिलं. व्रण नाही, कल्चर निगेटिव्ह (लघवीच्या तपासणीत जंतू नाहीत), तरी लघवीला सारखी कळ येते, अशा बाईला ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं जाई.

१९८७ मध्ये अमेरिकेत संशोधनासाठी या आजाराचे निकष ठरले. भूल देऊन दुर्बिणीने पाहिल्यावर व्रण किंवा रक्ताचे बारीक ठिपके दिसायलाच हवेत. जागेपणी मूत्राशयात ३५० मिलिलिटरहून जास्त मावत असेल, दिवसातून आठपेक्षा कमी वेळा जावं लागत असेल, त्रासाला नऊ महिने झाले नसतील, तर ती रुग्ण बाद. अभ्यासात सारखे रुग्ण असावेत, हा हेतू रास्तच होता. पण चाळणी अभ्यासापुरती राहिली नाही, दवाखान्यात निदानासाठी वापरली गेली, आणि तिथे बायकांचं फार नुकसान झालं. अनुभवी डॉक्टरांना ज्यांच्यात हा आजार दिसत होता, त्यांच्यातल्या ६० टक्क्यांहून अधिक रुग्ण या निकषांत बसत नव्हत्या, हे १९९९ मध्ये छापून आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, लघवीची कसलीही तक्रार नसलेल्या, नसबंदीसाठी आलेल्या बायकांच्या मूत्राशयातही तेच ठिपके आढळले होते.

त्याच १९८७ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांकडे योनीद्वाराच्या दुखण्याचे वेगळे निकष आले. कापूस लावलेली काडी योनीद्वाराशी हलकेच टेकवली तरी बाई कळवळते का, ही त्यातली मुख्य तपासणी. दोन तक्रारी, दोन ओपीडी, बाई मात्र एकच. खरं तर मूत्रनलिका आणि योनीद्वाराचा आतला भाग गर्भात एकाच पोकळीतून घडतात. मूत्राशयाकडून येणाऱ्या पेल्व्हिक नसा आणि योनीद्वाराची प्युडेंडल नस मज्जारज्जूच्या त्याच, त्रिक (सेक्रल, म्हणजे कमरेखालच्या) भागातल्या दुसऱ्या ते चौथ्या खंडांत पोचतात. एका अवयवाची आग तिथे दुसऱ्यालाही हळवं करते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

२००२ मध्ये मूत्राशयाच्या या आजाराच्या नावातच ‘वेदना’ आली (पेनफुल ब्लॅडर सिंड्रोम). २००८ मध्ये प्युडेंडल नसेच्या दुखण्याचे फ्रेंच निकष प्रसिद्ध झाले: बसल्यावर वाढणारं, रात्री झोपमोड न करणारं, स्पर्शज्ञान शाबूत ठेवणारं आणि नसेपाशी भुलीचं इंजेक्शन दिल्यावर थांबणारं दुखणं. खुर्चीवर असह्य होणारी कळ कमोडवर बसल्यावर कमी होते, असं यातल्या पुष्कळ बायका सांगतात, कारण तिथे नसेवर दाब येत नाही. लघवीच्या तक्रारीचा केसपेपर लिहिताना बसल्यावर दुखतं का, कमोडवर कमी होतं का, हा प्रश्न आजही क्वचितच विचारला जातो.