प्रतिकारशक्ती क्षीण असताना लांबलेले जुलाब आणि वनस्पतिज औषधे : ग्राहकांसाठी माहिती

कुड्याची साल, सुकवलेला बेलगर आणि दारुहळद आमच्याकडून नेणाऱ्या ग्राहकांपैकी काही जण ती एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्या किंवा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या आप्तांसाठी नेतात. अशा रुग्णाचे जुलाब चार आठवड्यांपेक्षा जास्त लांबले असतील, तर साल उकळण्याआधी हे पत्रक वाचावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

याच त्रासासाठी रीतसर चाचण्या होऊन मान्यता मिळालेले वनस्पतिज औषध म्हणजे क्रोफेलेमर. दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन खोऱ्याच्या पश्चिम भागात क्रोटॉन लेकलेरी नावाचे झाड वाढते. त्याच्या खोडाला चीर दिली की रक्तासारखा लाल चीक ओघळतो. तेथील लोक तो जखमांवर लावतात आणि जुलाबांवर पोटात घेतात. क्रोफेलेमर याच चिकापासून शुद्ध करून काढतात. (आपल्याकडे हिरादखण नावाने मिळणारा लाल डिंक निराळ्या झाडांचा असतो, तो याच्याऐवजी चालत नाही.) आतड्याच्या पेशींमधून क्लोराइड बाहेर पडते तेव्हा त्याच्या मागोमाग पाणीही आतड्यात उतरते. क्लोराइडच्या अशा दोन वाटा हे औषध रोखते, त्यामुळे मळातील पाणी कमी होते. आतड्याची हालचाल मात्र ते मंद करत नाही आणि रक्तात जवळजवळ शोषले जात नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 31 डिसेंबर 2012 रोजी त्याला मान्यता दिली, ती एचआयव्हीविरोधी औषधे घेणाऱ्या प्रौढांच्या, जंतुसंसर्गामुळे नसलेल्या जुलाबांपुरती. मात्रा 125 मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून दोनदा. चाचणीत ठरवलेल्या निकषाइतका आराम हे औषध घेणाऱ्यांपैकी 17.6 टक्के, तर औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी 8 टक्के रुग्णांना पडला. हा फरक खरा असला तरी मोठा नाही, हे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो.

त्या मान्यतेतील ‘जंतुसंसर्गामुळे नसलेले’ ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. प्रतिकारशक्ती कमी असताना क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी महिनोन्‌महिने जुलाब घडवू शकतात, आणि मळाच्या नेहमीच्या तपासणीत ते निसटू शकतात. त्यासाठी विशेष रंजनाची (मळाच्या नमुन्याला खास रंग देऊन करायची) तपासणी डॉक्टरांकडून मागून घ्यावी. कधी मूळ कारण चालू औषधातच असते : प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे मायकोफेनोलेट हे त्याचे नेहमीचे उदाहरण. असे औषध मनाने बंद केल्यास प्रत्यारोपित अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते.

कुडा आणि बेल यांना आयुर्वेदात अतिसारावर मोठे स्थान आहे आणि आम्ही ती आदराने विकतो. परंतु मूळ संसर्ग तसाच राहून केवळ जुलाब आटोक्यात आल्यासारखे वाटले, तर निदानाला उशीर होतो. दारुहळदीबाबत आम्ही अधिक कडक आहोत. तिच्यातील बर्बेरिन या घटकामुळे रक्तातील सायक्लोस्पोरिनचे (प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या औषधाचे) प्रमाण वाढल्याचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत आढळले आहे, म्हणून प्रत्यारोपणाच्या रुग्णासाठी ती आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही.

निदान होईपर्यंत शरीरातील पाणी आणि क्षार टिकवणे रुग्णाच्या हाती असते. 20.5 ग्रॅमचे ओआरएस पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवून थोडे थोडे पाजावे. अर्ध्या पेल्यात अख्खे पाकीट घालू नये. मळात रक्त दिसले, ताप आला, लघवी कमी झाली किंवा रुग्णाला ग्लानी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.