घरी बांधलेल्या हॉट रॉडचं पासिंग: गाडी फॉर्म 22 पाशी का अडते

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा घरी बांधलेली हॉट रॉड, म्हणजे जुन्या ढंगाची, दणकट इंजिन बसवलेली हौशी गाडी, टेम्पोवर चढवून आरटीओत आला. लांब नाक, बॉनेट नाही, इंजिन उघडं, मागे हातभर रुंद टायर. वेल्डिंग इतकं स्वच्छ की लायसन्सच्या रांगेतले लोकही फोटो काढायला आले. इन्स्पेक्टरनंही आधी कौतुक केलं. मग चेसिस नंबरचा छाप घ्यायला पेन्सिल काढली आणि विचारलं, "नंबर कुठाय?" पोरानं एक पत्र्याची पट्टी दाखवली. त्यावर त्यानं स्वतःच पंच मारला होता: आईच्या नावाची आद्याक्षरं आणि स्वतःची जन्मतारीख. गाडी त्याच टेम्पोवर परत गेली. भाडं दोन्ही वेळचं त्याचंच.

असे अर्जदार अधूनमधून येतच राहतात, आणि सगळे गाडी पूर्ण झाल्यावर येतात. म्हणून आधीच सांगतो: सुट्या भागांतून घरी किंवा गॅरेजमध्ये बांधलेल्या एकट्या गाडीची नोंदणी करायची सोय आपल्या नियमांत नाही. नागपूर शहराच्या एमएच 31 ला नाही, एमएच 49 ला नाही आणि नागपूर ग्रामीणच्या एमएच 40 लाही नाही. "तिकडं ओळख आहे" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

गैरसमज बहुतेक व्हिडिओंमुळे होतो. इंग्लंडमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते, तिला 'आयव्हीए' म्हणतात. ती पास झाली की किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच आणून जोडलेली गाडी, रस्त्यावर येते, आणि गाडीचं वय किंवा मूळ ठरवता आलं नाही तर 'क्यू'नं सुरू होणारा नंबर मिळतो. अमेरिकेत 1932 च्या फोर्डच्या साच्यावर नवी बॉडी बसवणाऱ्यांसाठी राज्याराज्याचे वेगळे नियम आहेत. आपल्याकडे नोंदणीचा फॉर्म 20 उघडून बघा. गाडी नवी आहे, लष्करातून निघालेली आहे की आयात केलेली, एवढंच तो विचारतो. 'मी बांधली' असा रकानाच नाही. परदेशातून किट मागवलं तरी कस्टम्सच्या कागदावर ते सुटे भाग म्हणून आलेलं असतं, त्यामुळे 'आयात गाडी'तही ते बसत नाही.

फॉर्म 20 च्या जोडीला लागणारे बाकीचे कागद, म्हणजे पत्त्याचा पुरावा, फी, रोड टॅक्स, यात कोणी अडत नाही. घोडं अडतं ते फॉर्म 21 आणि 22 वर. 21 हा विक्रीचा दाखला. 22 म्हणजे ही गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षेच्या नियमांत बसते आणि रस्त्यावर चालवण्यालायक आहे, असं उत्पादकानं दिलेलं प्रमाणपत्र. उत्पादक तुम्हीच, मग सही तुम्हीच करा? लोक खरंच करून आणतात, वर रबरी शिक्कासुद्धा मारतात. पण ती सही करायचा अधिकार यायला आधी मोटार वाहन नियम 126 प्रमाणे त्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून पास व्हावा लागतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट, अशा या संस्था. तिथं ब्रेक, दिवे, धूर सगळं तपासतात आणि कारच्या बाबतीत धडक चाचणीही घेतात, म्हणजे एक गाडी तर आपटण्यासाठीच द्यायची. हजारो गाड्या विकणाऱ्याला हे परवडतं. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून नवी गाडी धुराच्या बीएस 6 मानकात बसणारी हवी. कबाडीतून आणलेलं जुनं डिझेल इंजिन तिथंच बाद.

इथं नागपूरला लागून असलेल्या वाडीचं उदाहरण देत हमखास प्रश्न येतो: "वाडीला ट्रकची बॉडी रोज बांधतात, त्यांचं पासिंग होते, माझं काउन नाही?" रास्त प्रश्न आहे. फरक असा की ट्रकची चेसिस कंपनीनं मान्यता घेऊनच विकलेली असते. तिचा नंबर कंपनीच्या नोंदीत असतो आणि बॉडी बांधणाऱ्यालाही ठरलेल्या मानकाप्रमाणे आपला दाखला द्यावा लागतो. तुमच्या चौकटीला वंशावळच नाही.

मग दुसरी युक्ती निघते: जुनी अ‍ॅम्बेसेडर घ्यायची, आरसी तिचीच ठेवायची आणि वरून सगळं बदलायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नेमकं हेच अडवतं. आरसीतला तपशील आणि उत्पादकानं ठरवलेला तपशील यात फरक पडेल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. याच कलमात 14 दिवसांची मुदत आहे, आणि ती चुकीची वाचून कितीतरी जण फसले. बदल करा आणि 14 दिवसांत कळवा, असा तिचा अर्थ नाही. कायद्यात बसणारा बदल आरसीवर नोंदवण्यासाठी कळवायची ती मुदत आहे. इंजिन बदलण्याची सवलत आहे, पण त्याच मेकच्या, त्याच प्रकारच्या इंजिनापुरती. आठ सिलिंडरच्या दांडग्या व्ही 8 साठी नाही. कलम 182 अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. हॉट रॉडमध्ये बदल मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल.

कबाडीतली नंबरवाली चेसिस तर घेऊच नका. तो नंबर रद्द झालेल्या गाडीचा निघाला तर निदान पैसेच बुडतील. चोरीच्या गाडीचा निघाला तर आरटीओ राहील बाजूला, पोलीस स्टेशनच्या चकरा सुरू होतील.

"आजोबांची गाडी आहे, व्हिंटेजमध्ये टाकू," असंही म्हणतात. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली गाडी त्यात बसते, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. अट मात्र मूळ रूपाची आहे: चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको. म्हणजे कापण्याआधी जी गाडी पात्र होती, ती तुमच्याच ग्राइंडरनं अपात्र होते. आणि पात्र ठरली तरी रोज वापरता येत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात एका कारागिरानं भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बांधली होती. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हेही त्याच दमात सांगितलं आणि बदल्यात बोलेरो दिली. गाडी गाजली म्हणून पासिंग होत नाही.

बांधायचीच असेल तर स्वतःच्या शेतात, कुंपणाच्या आत चालवायची म्हणून बांधा. लेआऊटमधला रस्ता खाजगी असतो हा आपल्याकडचा लाडका समज आहे. जिथं लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती कायद्यानं सार्वजनिक जागा, मग तिथं डांबर असो नाहीतर मुरूम. रस्त्यावरच हौस भागवायची असेल तर जुनी गाडी मूळ रूपात उभी करा. रंग बदलायचा असेल तर आधी परवानगी घ्या आणि आरसीवर चढवून घ्या.

आणि एवढं वाचूनही इन्स्पेक्टरला एकदा विचारायचंच असेल, तर गाडी सुरू करून नेऊ नका. नोंदणी नसलेली गाडी आरटीओपर्यंत चालवत नेणं हाही गुन्हाच आहे. आधी फक्त फोटो आणि बिलं घेऊन जा, टेम्पोचं भाडं तरी वाचेल.