आर्टिफॅक्ट-विश्व (रोल-प्लेइंग खेळ)

रोल-प्लेइंग खेळातले, म्हणजे एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवत खेळायच्या खेळातले असे कल्पित जग, की ज्याचा सगळा डोलारा जुन्या मंतरलेल्या वस्तूंवर उभा असतो. वस्तू घडवणारे लोक कधीच संपलेले असतात, त्यांची विद्या बुडालेली असते. मागे उरते एखादी तलवार, एखादा मणी किंवा ताम्रपट. राजे त्यासाठी लढतात, पुजारी ती वस्तू लपवतात आणि खेळाडूंची पात्रे तिच्या मागावर निघतात. खेळणारे तिला आर्टिफॅक्टच म्हणतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. १९७६ च्या एका पुरवणीत आर्टिफॅक्ट हा वेगळा वर्ग झाला. जादूची साधी तलवार दुसरी घडवता येते, आर्टिफॅक्ट मात्र जगात एकच. ते नेहमीच्या उपायांनी मोडत नाही आणि बाळगणाऱ्याकडून काहीतरी वसूल करते. १९९३ च्या अर्थडॉन या खेळाने त्याहून खोल विचार केला. वस्तूचे नाव काय, ती कोणी घडवली, तिने काय काय पाहिले हे शोधून काढाल, तशी तिची शक्ती टप्प्याटप्प्याने उघडते. या प्रकारातला सर्वांत मोलाचा नियम मला हाच वाटतो, कारण त्यामुळे इतिहास शोधणे हेच शौर्य ठरते.

मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणून घरोघरी सांगतात ती स्यमंतक मण्याची गोष्ट याच जातीची. मणी रोज आठ भार सोने देतो, पण तो गळ्यात घालून शिकारीला गेलेला प्रसेन मरतो, सत्राजित संशयाने पछाडतो आणि कृष्णावर चोरीचा आळ येतो. भागवतात या मण्यापायी कृष्ण आणि जांबवान २८ दिवस झुंजतात.

ठाण्यात असे जग रचणाऱ्याला सामग्री पायाखालीच मिळते. ठाणे म्हणजे शिलाहार राजघराण्याचे श्रीस्थानक. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी राजाचा शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट निघाला. शिलाहार स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. नागाचा जीव वाचवायला गरुडापुढे स्वतः जाऊन बसलेला हा विद्याधर. आणि त्याच घराण्याच्या मुद्रेवर गरुड! ताम्रपटांवरच्या जुन्या दानपत्रांच्या शेवटी शापाचा श्लोकही असे : दिलेली जमीन जो हिरावून घेईल, तो ६० हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल.

शापाचे दुसरे रूप म्हणजे गधेगाळ. कोकणपट्टीत हे दगड जागोजागी सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. दान मोडणाऱ्याला त्याच्या आईवरून दिलेली ती शिवी आहे. पाऊस खाऊन अक्षरे बुजलेली असतात, पण लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चित्रावरून धाक कळे. शाप किती काळ टिकतो, हे डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, वेगळे ठरवावे लागत नाही. चंद्र-सूर्य असेपर्यंत, हे दगडावरच कोरलेले आहे.

आमच्या ठाण्यातल्या रविवारच्या खेळात आर्टिफॅक्ट म्हणून तीन पत्र्यांचा एक कल्पित ताम्रपट आहे. तीन पत्रे एका कडीत ओवलेले. दोन सापडले, तिसरा तोडून नेलेला. कडीचे तोंड फाकलेले, कडेला तांबे हिरवे पडलेले. लिपी वाचायला वीस बाजूंचा फासा टाकला, १७ पडले, पात्राच्या विद्येचे ४ मिळवून २१. डीएमने अर्धेच वाक्य वाचून दाखवले आणि थांबला, कारण पुढचे अक्षर हरवलेल्या पत्र्यावर होते. टेबलावर कोणी चहालाही हात लावला नाही.

आर्टिफॅक्टच्या रचनेत सर्वांत कस लागतो तो ते निकामी करण्याच्या उपायात. उपाय वस्तूच्या जन्मकथेतूनच निघायला हवा. ज्वालामुखीत टाकणे हे उत्तर दानपत्राला शोभत नाही. आमचा ताम्रपट कुठल्याही भट्टीत वितळत नाही. त्यात लिहिलेली जमीन, चारही सीमांसकट, मूळ दान घेणाऱ्याच्या वंशजांना परत मिळाली तरच शाप उतरतो. पूर्वेला ओढा, दक्षिणेला चिंच, पश्चिमेला खाडी एवढे वाचून झाले आहे. उत्तरेची सीमा तिसऱ्या पत्र्यावर आहे.