कार-टी पेशी उपचार

रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवे जनुक बसवून, कर्करोगपेशी ओळखायला लागल्यावर त्या पुन्हा त्याच रुग्णाला देण्याची उपचारपद्धती. रक्ताचा कर्करोग, लिंफोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) आणि मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतला कर्करोग) या आजारांत, मुख्यतः नेहमीची केमोथेरपी लागू पडेनाशी झाल्यावर किंवा आजार उलटल्यावर, ती वापरतात. गोळी किंवा इंजेक्शन हजारो लोकांसाठी एकाच घाण्यात बनते. इथे प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे, आणि ते जिवंत असते.

‘कार’ हे ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’ या नावाचे लघुरूप. मराठीत ‘संकरित प्रतिजन ग्राही’ असे म्हणता येईल, पण वॉर्डात डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे ‘कार-टी’च म्हणतात. कायमेरा हा ग्रीक पुराणातला सिंह, बोकड आणि साप यांचा मिळून बनलेला प्राणी. आपला नरसिंह डोळ्यांपुढे आणला तरी कल्पना तीच. या ग्राहीचा पेशीबाहेरचा भाग प्रतिपिंडाकडून (अँटिबॉडी, शत्रूला चिकटणारे प्रथिन) उसना घेतलेला असतो, आतला भाग टी-पेशीचा. बाहेरचा भाग शत्रू ओळखतो, आतला हल्ल्याचा हुकूम सोडतो.

ही जोडणी करावी लागली, कारण टी-पेशी एरवी थेट शत्रूला ओळखत नाही. संशयित पेशीने आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर एका विशिष्ट तबकात मांडून दाखवावे लागतात. लबाड कर्करोगपेशी हे तबकच काढून घेतात. प्रतिपिंडाला मात्र तबकाची गरज नसते, तो पृष्ठभागावरची खूण जशी असेल तशी पकडतो. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एश्शार आणि गिडियन ग्रोस यांनी 1989 मध्ये या दोहोंची सांगड घातली. सुरुवातीच्या कार-पेशी प्रयोगशाळेत शत्रूला मारत, पण शरीरात गेल्यावर लवकर दमून संपत. ग्राहीच्या आतल्या टोकाला टिकून राहण्याचा आणि वाढण्याचा आणखी एक संकेत जोडला, तेव्हा त्या तग धरू लागल्या.

खूण कोणती निवडायची, यावर सारे अवलंबून असते. सर्वाधिक यश सीडी19 या प्रथिनाने दिले. ते प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींवर आणि त्यांच्यापासून होणाऱ्या कर्करोगांवर असते. इतर अवयवांवर किंवा रक्ताच्या मूळपेशींवर नसते. उपचारात निरोगी बी-पेशीही मारल्या जातात, पण त्यांच्याशिवाय माणूस जगू शकतो. गरज पडल्यास प्रतिपिंडे बाहेरून देता येतात. निवड चुकली तर काय होते याचे उदाहरण 2010 मध्ये नोंदले गेले. आतड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला एचईआर2 ही खूण ओळखणाऱ्या पेशी दिल्या होत्या. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही ही खूण अगदी थोड्या प्रमाणात असते. काही मिनिटांतच श्वास लागला आणि पाच दिवसांत तो रुग्ण दगावला. घन गाठींच्या कर्करोगांत ही पद्धत अजून मागे आहे त्याचे एक मोठे कारण हेच. फक्त गाठीवर असेल आणि इतरत्र नसेल, अशी खूण सहसा सापडत नाही.

प्रत्यक्ष उपचाराची सुरुवात फेरेसिसने होते. रुग्ण काही तास यंत्राशेजारी पडून असतो. एका नळीतून रक्त बाहेर येते, यंत्र पांढऱ्या पेशी वेगळ्या करते आणि बाकीचे रक्त दुसऱ्या नळीने परत जाते. पेशींची पिशवी उत्पादन केंद्राकडे रवाना होते. तिथे टी-पेशींना चेतवून, बहुधा लेंटिव्हायरसच्या साहाय्याने, त्यांच्यात कारचे जनुक घालतात. हा विषाणू एचआयव्हीच्याच कुळातला, पण स्वतःच्या प्रती काढण्याची शक्ती हिरावून घेतलेला. मग पेशी वाढवून, तपासून, गोठवून परत पाठवतात. यात काही आठवडे जातात आणि आजार तेवढे थांबेलच असे नाही, म्हणून मधल्या काळात त्याला आवरून धरणारे औषध द्यावे लागते. काही रुग्ण पिशवी येण्याआधीच गमावले जातात. या पद्धतीच्या यशाचे आकडे वाचताना ते पेशी काढलेल्या सगळ्यांचे आहेत की पेशी मिळालेल्यांचे, हे आधी पाहावे.

पेशी देण्याआधी साधारण तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड देऊन शरीरातल्या जुन्या पांढऱ्या पेशी कमी करतात. नव्यांना जागा हवी असते. मुख्य दिवस त्या मानाने अगदीच साधा. पिशवीवरचे नाव आणि क्रमांक दोघे जण पुन्हा पुन्हा पडताळतात, ती कोमट पाण्यात वितळवतात आणि थोड्याच वेळात पेशी शिरेतून आत जातात. गोठवताना वापरलेल्या रसायनामुळे रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो, आणि खोलीत जाणवण्याजोगे एवढेच काय ते घडते. खरा खेळ पुढच्या दोन आठवड्यांत. पेशी शत्रूला भेटतात आणि भराभर वाढतात. म्हणजे औषधाची मात्रा डॉक्टरच्या हातात फक्त सुरुवातीलाच असते. पुढे ती रुग्णाच्या शरीरात ठरते.

या वाढीचा सर्वांत परिचित त्रास म्हणजे सायटोकाइनचा, म्हणजे पेशी एकमेकींना धाडतात त्या संदेशप्रथिनांचा, भडका. आधी ताप येतो, मग रक्तदाब घसरतो, प्राणवायू कमी पडतो. 2012 मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला या पेशी दिल्या, तेव्हा ती कृत्रिम श्वसनयंत्रावर गेली. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 हे सायटोकाइन प्रचंड वाढलेले दिसले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे इंटरल्यूकिन-6 अडवणारे टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचे औषध त्यांना ठाऊक होते. ते दिल्यावर काही तासांत ती सावरू लागली, आणि तिचा कर्करोगही गेला. टोसिलिझुमॅब हाताशी नसेल तर आज हा उपचार सुरूच करत नाहीत.

दुसरा त्रास मेंदूचा. रुग्ण गोंधळतो, शब्द सापडेनासे होतात, क्वचित झटके येतात. यावर नजर ठेवण्याची रीत विलक्षण साधी आहे. परिचारिका रोज विचारते: साल कोणते, महिना कोणता, आपण कुठे आहोत, तीन वस्तूंची नावे सांगा, शंभरपासून दहा-दहा वजा करत उलटे मोजा, एक वाक्य लिहा. अनेक ठिकाणी तेच वाक्य रोज एकाच कागदावर लिहून घेतात. काल सरळ असलेली ओळ आज उतरंडीला लागली, अक्षरे एकमेकांवर चढली, की स्टेरॉइडची तयारी होते. जनुकांत फेरफार करणाऱ्या या उपचारातले एक अत्यंत कामाचे उपकरण म्हणजे पेन्सिल.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 2017 मध्ये किमराया या पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता दिली. आधारभूत चाचणीत पेशी मिळालेल्या 75 मुला-तरुणांपैकी 81 टक्क्यांत तीन महिन्यांच्या आत आजाराची चिन्हे नाहीशी झाली. 2010 मध्ये उपचार घेतलेल्या दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही या पेशी सापडल्या आणि आजार परतलेला नव्हता. तरी आजार उलटणारेही पुष्कळ आहेत. कधी पेशी टिकत नाहीत, तर कधी कर्करोगच सीडी19 ही खूण टाकून देतो. फेरफार केलेल्या टी-पेशींतूनच नवा कर्करोग उद्भवू शकतो असा इशारा 2024 पासून या औषधांच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापला जातो. धोका दुर्मीळ आहे. पण रुग्णांचा पाठपुरावा पंधरा वर्षे करायचा असतो तो यासाठीच.

किमरायाची मूळ किंमत 4,75,000 डॉलर होती, रुग्णालयाचा खर्च वेगळा. उत्पादन केंद्र दूर, रुग्णालये मोजकी, आणि सोबत चोवीस तास माणूस हवा. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे घरी सोडल्यावरही रुग्णाने चार आठवडे केंद्राजवळच राहायचे आणि आठ आठवडे वाहन चालवायचे नाही. 2025 मध्ये अमेरिकेत दोन्ही मुदती दोन आठवड्यांवर आणल्या. किंमत उतरवण्याचा अधिक खात्रीचा मार्ग रुग्णालयांनी आणि विद्यापीठांनी काढला. बार्सिलोनातील रुग्णालयात घडवलेल्या कार-टीला स्पेनने 2021 मध्ये मान्यता दिली, आणि मुंबईच्या आयआयटी व टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार19 ला भारताने 2023 मध्ये.

जर्मनीतील एर्लांगेन येथे गेओर्ग शेट यांच्या गटाने 2021 मध्ये ही पद्धत कर्करोगाबाहेर नेली. ल्युपसमध्ये बी-पेशी स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात. सीडी19 कार-पेशींनी त्या पुसून टाकल्या. काही महिन्यांनी नव्या बी-पेशी आल्या, पण आजार आला नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ल्युपस आणि तशाच इतर आजारांच्या 15 रुग्णांच्या अहवालातही सगळ्यांची इतर प्रतिकारशक्तिरोधक औषधे बंद झाली होती. संख्या लहान आहे, आणि तरुण ल्युपस रुग्णाने कर्करोगाचा दुर्मीळ धोका पत्करावा का, हा हिशेब शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगरुग्णापेक्षा निराळा आहे.

आता पेशी बाहेर न काढता, मेदकणांतून किंवा विषाणूतून कारचा संदेश थेट शरीरातल्या टी-पेशींपर्यंत पोचवण्याच्या चाचण्या माणसांत सुरू आहेत. तसे जमले तर फेरेसिस, आठवड्यांची वाट आणि पिशवीवरचे नाव, तिन्ही जातील. त्याचबरोबर पेशी रुग्णाला देण्याआधी त्या तपासण्याची संधीही जाईल.